ऐरोलीच्या खाडीकाठी सहकुटुंब एक दिवस

ठाणे खाडीतील रोहित पक्षी (फ्लेमिंगो) मुलांना दाखवायचे असतील, तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राची सहल केवळ सुट्टीचा वार पाहून नव्हे, तर भरती-ओहोटीच्या वेळा पाहून ठरवावी, असे माझे ठाम मत आहे. होडीच्या फेऱ्या भरतीवर अवलंबून असल्याने त्यांची वेळ रोज बदलते. शिवाय ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलातच रोहितांना शेवाळ व सूक्ष्म जीव मिळतात, म्हणून पक्षी कुठे आणि किती जवळ दिसतील, हेही पाण्याची पातळीच ठरवते. हिवाळा ओसरू लागला की खाडीत त्यांची गर्दी असते, तेव्हा आम्ही फेब्रुवारी निवडला आहे.

सासूबाईंना होडीत चढणे अवघड जाईल, पण कांदळवनातील पायवाटेवर त्या नातवंडांना तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे निवांत दाखवू शकतील, आणि मला तर हा भाग होडीइतकाच मोलाचा वाटतो. 2015 मध्ये अभयारण्य आणि 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलेली ही खाडी आपल्या महानगराला अगदी खेटून आहे. टोप्या, पाणी आणि दुर्बीण सोबत घ्यावी. होडीतील जागा मात्र आधीच आरक्षित करावी.