साबरमतीच्या झडपा

आज अहमदाबादला साबरमती आश्रमातलं वास्तुविशारद चार्ल्स कोरियांचं गांधी स्मारक संग्रहालय एकदाचं बघितलं, 1963 चं काम. 6 मीटर बाय 6 मीटरचे चौकोन एकाला एक जोडत गेलेत, विटांचे खांब, वर कौलं, मधे पाणी, आणि खिडकीला काच म्हणून नाही, नुसत्या तिरप्या पट्ट्यांच्या लाकडी झडपा! एका झडपेपाशी कितीतरी वेळ उभी होते, फटीतून वारा येत होता आणि फरशीवर उन्हाच्या पट्ट्या. पुण्यात आमच्या बाल्कनीला अशाच सागवानी झडपा करून घेतेय, पहिल्या दोन पट्ट्यांचा उतार आतल्या बाजूला झाला आणि पावसाचं पाणी थेट घरात, घरचे म्हणाले स्लायडिंग काच लाव. आता नाहीच लावणार. उद्या सकाळचं ऊन बघायला परत जातेय.