ठाणे ते सोपारा, पायी

पाडव्याच्या पहाटे साडेतीनला आम्ही तलावपाळीवर भेटलो. तारीख ९ एप्रिल २०२४. स्वागतयात्रेची तयारी रात्रभर चाललेली दिसत होती. कौपिनेश्वराच्या बाजूला मुली गुडघ्यावर बसून रस्त्यावर रांगोळी भरत होत्या, कुणीतरी ढोलाच्या दोऱ्या आवळत होतं. आम्ही दोघं मात्र सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या बंद फाटकाशी उभे. मास्तरने टोपी काढली, क्रूसाची खूण केली आणि म्हणाला, "चल."

मास्तरशी माझी तीस वर्षांची मैत्री. गणित शिकवायचा, म्हणून सगळे मास्तरच म्हणतात. मूळचा वसईतल्या गासचा. ही वारी त्याच्याच डोक्यातली. आमच्यासोबत ना दिंडी, ना पताका. दोघांत एक पिशवी, दोन बाटल्या पाणी, एक रोझरी, म्हणजे आमची जपमाळ.

तारीख ९ एप्रिलच का, ते आधी सांगतो. १३२१ साली याच दिवशी आपल्या ठाण्यात तीन फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातले, धर्मबंधू मारले गेले. तोलेंतिनोचा म्हातारा थॉमस, पादुआचा जेम्स आणि तिफ्लिसचा दिमेत्री, जो त्यांचा दुभाष्या होता. चौथा, सिएनाचा पीटर, दोन दिवसांनी. चीनला निघालेली ही माणसं जहाज भरकटल्यामुळे ठाण्याला लागली होती आणि इथल्या एका सिरियन परंपरेच्या ख्रिस्ती कुटुंबात उतरली होती. तेव्हा ठाण्यात ख्रिस्ती घरं होती जेमतेम पंधरा. काजीपुढे उभं केल्यावर त्यांनी विश्वास सोडला नाही, एवढाच त्यांचा शेवट.

पण मास्तरला ओढ होती ती पाचव्याची. जॉर्डन नावाचा डोमिनिकन, म्हणजे दुसऱ्या एका संघातला धर्मबंधू, त्यांच्यासोबतच आला होता. त्याला फारसी येत होती म्हणून तो सोपारा (आजचं नालासोपारा), भडोच या बाजूला बाप्तिस्मे द्यायला गेला होता. वाटेत त्याला सोबत्यांच्या अटकेची बातमी कळली आणि तो उलटा फिरला. ठाण्याला पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. एका तरुण जिनोव्हाच्या माणसाच्या मदतीने त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेले आणि तिथल्या संत तोमाच्या चर्चमध्ये पुरले. त्याने देह जिथे नेले, तिथवर चालत जायचं, असं मास्तरने ठरवलं होतं. सगळं मिळून चाळीस किलोमीटरच्या आसपास. दीड दिवस.

माजिवड्यापर्यंत आम्ही फारसं बोललो नाही. घोडबंदर रोडला लागल्यावर मेट्रोचे खांब, पत्रे, धूळ आणि डंपर. मंगळवार होता, म्हणून रोझरीच्या प्रार्थनेतली दुःखाची रहस्यं म्हणत चाललो. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ. वाघबिळाला उजाडलं आणि इमारतींच्या गॅलऱ्यांतून गुढ्या वर चढताना दिसायला लागल्या. एका वाचमनच्या बायकोने आम्हाला थांबवून हातावर कडुलिंब आणि गूळ ठेवला. मास्तरने तो आधी कपाळाला लावला, मग तोंडात टाकला.

गायमुखच्या पुढे घाट. डावीकडे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, उजवीकडे झाडांच्या फटींतून खाडी. फूटपाथ नाही. एकामागे एक चालायचं, मागून ट्रेलर आला की कठड्याला चिकटायचं. अशा वेळी मास्तर मला आतल्या बाजूला ठेवायचा. न बोलता. तीन-चारदा तसं झाल्यावर मला चालवेना. मी कठड्यावर बसलो.

सहा वर्षांपूर्वी मास्तर आमच्या सोसायटीचा खजिनदार होता. गळती थांबवण्याच्या कामासाठी ठेकेदाराला जे आगाऊ पैसे दिले, ते कमिटीने तोंडी ठरवून दिले होते. त्या बैठकीत मी हजर होतो. पुढे ठेकेदार काम टाकून गेला आणि सर्वसाधारण सभेत प्रश्न आला, "पैसे कुणाच्या सांगण्यावरून दिले?" मास्तरने माझ्याकडे बघितलं. मला तेव्हा पार्किंगची जागा बदलून हवी होती आणि माझा अर्ज नेमका बोलणाऱ्या माणसाच्या हातात होता. मी खाली फाइलकडे बघत राहिलो. मास्तरने राजीनामा दिला. स्वतःच्या खिशातून रक्कम भरली.

आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये माझी बायको ऑक्सिजनवर होती, तेव्हा सिलिंडरच्या रांगेत रात्री दोन वाजता माझ्या जागी कोण उभं होतं? हाच. सकाळी मला फोन करून विचारायचा, "जेवलास का?" त्या सभेचा विषय त्याने कधी काढला नाही, मीही काढला नाही. मी समजत होतो की विषय मिटला.

जॉर्डन तिथे नव्हता. तरी तो परत आला. मी तर तिथेच होतो, तिसऱ्या रांगेत. घाटातल्या त्या कठड्यावर मला हे पहिल्यांदा इतकं उघडं दिसलं.

मी मास्तरला म्हणालो, "त्या सभेत मी बोलायला हवं होतं." एवढंच. सहा वर्षं मनात घोळवलेलं मोठं भाषण कुठे गेलं कळलं नाही. तो पाणी प्याला, बाटली माझ्याकडे दिली. "उठ, ऊन चढतंय," म्हणाला.

वर्सोव्याच्या पुलावर वारा होता. खाडी ओलांडून पुढे हायवेवर डांबर पायांखाली भाजायला लागलं. दुपारी एका पेट्रोल पंपामागे झाडाखाली दोन तास आडवे झालो. मग बापाण्याहून आत नायगावकडे वळलो. मिठागरांचे पांढरे ढीग लागले आणि मास्तरची चाल बदलली. माणसाला गाव जवळ आल्याचं पायांतून कळतं. मुक्कामाला त्याच्या थोरल्या बहिणीकडे, पापडीला, पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

ताईंनी आमचे पाय कोमट मिठाच्या पाण्यात ठेवले आणि मागच्या ओट्यावर कोळशाच्या शेगडीवर सुके बोंबील भाजायला घेतले. मी त्या निखाऱ्यांकडे बघत राहिलो. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव दोनदा येतो. नव्या करारात तो मूळ ग्रीक शब्द इतर कुठेही नाही. एकदा येशूच्या अटकेच्या रात्री महायाजकाच्या अंगणात, जिथे त्याचा शिष्य पेत्र शेकत उभा राहतो आणि "तू त्याचा शिष्य ना?" विचारल्यावर "मी नाही" म्हणतो. दुसऱ्यांदा समुद्रकाठी पहाटे, जिथे पुनरुत्थित येशू मासळी भाजून ठेवतो, सगळ्यांना आधी जेवायला घालतो आणि मग पेत्राला तीनदा विचारतो, "माझ्यावर प्रेम करतोस का?" नाकारल्याचा हिशेब तो काढत नाही. पण पेत्राच्या नाकात तो वास गेलाच असेल. आणि "मी तुम्हांला मित्र म्हटले आहे" हे वाक्य येशू कुठल्या रात्री बोलला? त्याच रात्री, नाकारण्याआधी काही तास. पेत्र काय करणार आहे हे त्याला माहीत असताना. हे वचन मी लहानपणापासून ऐकत आलोय, कोरसमध्ये गायलोय. त्या ओट्यावर ते मला माझ्या नावाने ऐकू आलं.

जेवण झाल्यावर अंधारात मास्तर बोलला. "तुझ्यावर राग नाही रे. तो केव्हाच गेला. पण सभेच्या त्या मिनिट्समध्ये माझं नाव अजून तसंच आहे. माझी मुलगी त्याच बिल्डिंगमध्ये राहते."

मला रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी गासला गेलो. तिथलं चर्च संत गोन्सालो गार्सियाच्या नावाचं. वसईचाच मुलगा, १५९७ च्या ५ फेब्रुवारीला नागासाकीत क्रूसावर गेला. मास्तरचा बाप्तिस्मा इथलाच. त्याने पाच मेणबत्त्या घेतल्या. चार स्वतः लावल्या आणि पाचवी, जॉर्डनची, माझ्या हातात दिली.

सोपाऱ्याला संत तोमाचं ते चर्च आता नाही. बौद्ध स्तूपाचा उंचवटा आहे, त्याच्या सावलीत बसलो. देहही इथे राहिले नाहीत. पुढल्या दोन-तीन वर्षांत पोर्देनोनेचा ओदोरिक हा आणखी एक फ्रान्सिस्कन आला, त्याने अस्थी उकरून सोबत घेतल्या आणि पार चीनपर्यंत नेल्या. त्या चौघांना जिथे जायचं होतं तिथे. मास्तर म्हणाला, "ओदोरिकचं मला फार वाटतं. परक्यांची हाडं एवढ्या लांब न्यायची म्हणजे." जॉर्डन मात्र इथेच राहिला, एकटा, आणि काम करत राहिला. १३२९ साली पोपने त्याला केरळातल्या कोल्लमचा बिशप नेमलं.

नालासोपाऱ्याहून लोकलने वसई रोड, तिथून घरी. पायांना फोड होते, ते आठवड्यात बरे झाले.

सप्टेंबरात सोसायटीची वार्षिक सभा झाली. मागच्या इतिवृत्ताला मंजुरी हा पहिला विषय. मी उभा राहिलो. त्या बैठकीला मी हजर होतो, पैसे द्यायचा निर्णय सगळ्या कमिटीचा होता, एकट्या खजिनदाराचा नव्हता, आणि हे माहीत असून मी गप्प बसलो, असं सांगितलं. सेक्रेटरींनी चष्मा वर केला. "काका, सहा वर्षांनी?"

"हो," मी म्हणालो. "लिहून घ्या. तारीख आजचीच घाला."

मास्तर मागच्या रांगेत बसला होता. सभा संपल्यावर त्याने मला विचारलं, "जेवलास का?"