पिल्लांना खुराड्याची सवय लावताना

निवृत्तीनंतर नाशिकलगतच्या मखमलाबादच्या आमच्या मळ्यात कोंबड्या पाळायच्या असे ठरवले, तेव्हा खाद्य, लसी आणि मुंगूस या तिन्हींची काळजी मी आधीच करून ठेवली होती. संध्याकाळी पिल्ले आपणहून घरात येतात, हे मात्र मी गृहीत धरले होते. लहानपणी आजोळी दिवेलागणीला कोंबड्या एकामागून एक खुराड्यात शिरताना पाहिल्या होत्या आणि तो त्यांचा स्वभावच असतो, अशी माझी समजूत होती. स्वभाव असतो तो अंधार पडण्याआधी उंचावर जाऊन बसण्याचा. ती जागा म्हणजे आपण बांधलेले खुराडे, हे त्यांना कोणीतरी शिकवावे लागते. अंडी उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली निघालेली पिल्ले आईच्या मागे जाऊन ते शिकतात. मी ऑगस्टअखेर आणलेली अठरा पिल्ले मात्र यंत्रात उबवलेली, महिनाभराची होती आणि आईच्या जागी त्यांनी फक्त उबेचा बल्ब पाहिला होता.

सप्टेंबर संपून पिल्ले दोन महिन्यांची झाली, तेव्हा मी त्यांना पडवीतून नव्या खुराड्यात हलवले. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, खाली भाताचे तूस, वर पत्रा, दोन बाजूंना बारीक जाळी आणि बसायला निलगिरीच्या दोन दांड्या असा सारा थाट होता. दोन दिवस आत कोंडून तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडले. दिवस चांगला गेला. उन्हे कलली तशी अकरा पिल्ले खुराड्याच्या भिंतीला बाहेरून चिकटून बसली. आतल्या ज्या कोपऱ्यात ती दोन रात्री झोपली होती, नेमकी त्याच कोपऱ्याच्या पलीकडे. म्हणजे जागा त्यांना कळली होती, दार कळले नव्हते. उरलेली सात खोडांवरून चढत शेजारच्या द्राक्षबागेच्या मांडवावर गेली. बागेची छाटणी नुकतीच झालेली असल्यामुळे उघड्या तारांवर ओळीने बसलेली ती सात पिल्ले रस्त्यावरूनही दिसत होती.

मी काठी घेऊन निघालो, ही माझी पुढची चूक. खालची अकराही उधळली, दोन बोरीच्या काट्यांत शिरली आणि शेवटी विजेरीच्या उजेडात, सौभाग्यवतींच्या हसण्याकडे दुर्लक्ष करत, मी एकेक पिल्लू वेचून आणले. शेजारच्या मळ्यातल्या मावशी बांधावर उभ्या राहून हे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, काठीनं कोंबडी घरात जात नाही. उद्या ती तुमाला बघूनच पळंल. आन् आत एवढा आंधार, तिला दिसंल तरी काय?”

त्यांच्या या शेवटच्या वाक्याने माझे डोळे उघडले. कोंबडीला मंद प्रकाशात फार कमी दिसते. सांजवेळी बाहेर आभाळाचा थोडा तरी उजेड असतो, खुराड्याचे तोंड मात्र काळेकुट्ट दिसते, आणि त्या काळोखात शिरण्यापेक्षा बाहेर बसून राहणे पिल्लाला सुरक्षित वाटते. शिवाय मला घाईही होती. छाटणीनंतर बाग फुटली की केवडा आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या सुरू होतात आणि भल्या पहाटे ब्लोअर फिरू लागतो. तारांवर झोपलेल्या कोंबड्यांवर औषध पडून चालणार नव्हते, आणि बागाईतदाराने आपले वेळापत्रक माझ्या पिल्लांसाठी बदलावे अशी अपेक्षाही रास्त नव्हती. रानमांजर आणि कुत्र्यांची धास्ती तर होतीच. बिबट्याच्या बातम्या आमच्या भागाला नव्या नाहीत.

मग मी नव्याने सुरुवात केली. पिल्ले या वेळी पुरते सात दिवस आतच ठेवली. दाणा-पाणी आत, आणि प्रत्येक वेळी दाणा टाकण्यापूर्वी पत्र्याच्या डब्यात ज्वारी खुळखुळवून “ती ती ती” अशी हाक. चौथ्या दिवसापासून डबा उचलला तरी पिल्ले दाराशी गोळा होऊ लागली. दारासमोरच्या आतल्या भिंतीवर, दांड्यांच्या वर, एक झिरोचा बल्ब लावला. तो सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पेटवायचा आणि सारी स्थिरावली की विझवायचा.

आठव्या दिवशी दुपारचा दाणा दिला नाही आणि दार थेट संध्याकाळी पाच वाजता उघडले. ऑक्टोबरात नाशिकला सूर्य सहानंतर थोड्याच वेळात मावळतो, म्हणजे त्यांना जेमतेम तासभर मोकळीक मिळाली. भुकेली पिल्ले तेवढ्या वेळात लांब जात नाहीत. पावणेसहाला डबा वाजवला, तेव्हा अकरा धावत आत आली. बाकीची सात बाहेर रेंगाळली. मी त्यांना हात लावला नाही. पूर्ण अंधार झाल्यावर कोंबडी बसल्या जागी निपचित राहते आणि सहज उचलता येते, म्हणून तेव्हा त्यांना अलगद उचलले. मावशींच्या सांगण्यावरून त्यांना दांडीवर न ठेवता दारात ठेवले आणि शेवटची दोन पावले त्यांची त्यांना चालू दिली. माझ्या मते या साऱ्या उद्योगात सर्वांत उपयोगी पडली ती ही दोन पावले. तिसऱ्या संध्याकाळी बाहेर तीनच उरली. त्यानंतर दार रोज अर्धा तास आधी उघडत गेलो.

मध्येच एकदा ऐन सहाला वीज गेली आणि डबा वाजवूनही नऊ पिल्ले उंबऱ्यावर अडून बसली. दुसऱ्या दिवशी मी बॅटरीवरचा कंदील आणला.

दहा-बारा दिवसांनंतरही दोघे ऐकत नव्हते, आणि त्यांची कारणे निरनिराळी निघाली. पहिला एक किरकोळ अंगाचा नर. तो हट्टी आहे असे मी समजत होतो. पण एका संध्याकाळी स्टूल टाकून नीट पाहत बसलो, तेव्हा कळले की दारातच दोन दांडगे नर त्याला टोचून परत पाठवत होते. दार फूटभर रुंदीचे, त्यामुळे त्याला चुकवून जायला वाटच नव्हती. मागच्या बाजूला जाळी कापून दुसरे छोटे दार केले आणि त्याच संध्याकाळी तो तिकडून आत गेला.

दुसरी एक तांबडी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. ती दिवसा खुराड्यात येई, दाणा खाई आणि सांज झाली की पुन्हा मांडवाच्या तारेवर. तिच्या एका पंखाची मोठी पिसे कापावीत असे एकाने सुचवले. पिसे कापल्याने इजा होत नाही, हे मला ठाऊक होते. पण मुंगूस मागे लागले तर तिने उडायचे कसे, या विचाराने माझा हात धजला नाही. मग दांड्यांकडे पाहिले. त्या जेमतेम दीड फुटावर होत्या, आणि अंड्यांसाठी आधीच ठोकून ठेवलेली खोकी त्यांच्याहून उंच होती. सहा पिल्ले रात्री त्या खोक्यांतच झोपून घाण करत होती, तीही याच कारणाने. उंच जागा हवी, तर ती आत द्यावी. खोकी खाली आणली, मागच्या भिंतीशी साडेतीन फुटांवर तिसरी दांडी बसवली आणि चढायला एक तिरपी फळी लावली. दोन रात्री तलंगेला तारेवरून उचलून त्या दांडीवर बसवावे लागले. तिसऱ्या संध्याकाळी ती स्वतःच फळी चढली, आणि त्यानंतर त्या दांडीसाठी रोज भांडणे सुरू झाली.

नोव्हेंबरात सूर्य सहाच्या आत मावळू लागला, तशी पिल्लेही आपोआप लवकर परतू लागली. घड्याळ मलाच बदलावे लागले. बल्ब मी हळूहळू बंद केला. डिसेंबरात ओझरला एका लग्नाला गेलो होतो, परतायला साडेसात झाले. विजेरी घेऊन पाहिले तर दार सताड उघडे आणि सतरा दांड्यांवर. पुन्हा मोजल्यावर तांबडी दिसली, तिसऱ्या दांडीच्या टोकाला, दोन नरांच्या मागे. दीड तास उघड्या राहिलेल्या दाराचा विचार करून मला त्या रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही. आता बाहेर जाताना मावशींच्या नातवाला कडी लावायला सांगून जातो.

मार्चमध्ये पुढची बारा पिल्ले येणार आहेत. त्यांना कोंडायचे सात दिवस मी कमी करणार नाही, पण या वेळी त्यांच्याबरोबर दोन मोठ्या तलंगा आत ठेवीन.