माशीचं पोट का कापायचं?

"फोटो एवढा स्वच्छ आलाय, मग माशीचं पोट कशाला कापायचं?" आज हा प्रश्न पुन्हा कानावर आला.

कारण दोन मिलिमीटरच्या माशीची जात ओळखायची खूण बहुतेकदा नराच्या पोटाच्या टोकाला असते. पंख, रंग, केस जवळच्या जातींत हुबेहूब सारखे निघतात. त्या टोकाला असलेल्या जननांगांची ठेवण मात्र सहसा वेगळी.

टोक कापून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम केलं की आतले स्नायू विरघळतात. मग पातळ ॲसेटिक आम्लात धुवायचं आणि ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून चित्र काढायचं. जास्त वेळ गरम झालं तर रंग उडतो, कडा दिसेनाशा होतात. नेमक्या त्या कडाच तर हव्या असतात!

नंतर ते टोक ग्लिसरीनच्या इवल्याशा कुपीत घालून त्याच माशीच्या टाचणीला लावायचं. सुटं पडलं की कुणाचं कुठलं, कळायला मार्ग नाही.

१९९९ नंतर प्रसिद्ध झालेल्या नव्या जातीच्या वर्णनात नावाचा आधारनमुना, म्हणजे ज्या जपलेल्या माशीवर ते नाव टिकून असतं ती, स्पष्ट सांगितला नसेल, तर प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ते नाव धरलंच जात नाही.

आणि एकटी मादीच हाती लागली तर? मग पायाच्या तुकड्यातल्या डीएनएवरून तिच्याच जातीचा नर शोधत बसा.