ऑल इंग्लंड पाहायला जाताना: आधी वेम्ब्ली, मग बर्मिंगहॅम

ऑल इंग्लंड या बॅडमिंटन स्पर्धेचं पुरुष एकेरीचं विजेतेपद १९८० साली प्रकाश पदुकोण यांनी मिळवलं आणि २००१ साली पुल्लेला गोपीचंद यांनी. पहिला विजय लंडनच्या वेम्ब्ली अरिनातला, दुसरा बर्मिंगहॅमच्या नॅशनल इनडोअर अरिनातला. दोन्ही इमारती आजही उभ्या आहेत, त्यामुळे मार्चमध्ये स्पर्धेसाठी इंग्लंडला जायचं ठरल्यावर थेट बर्मिंगहॅम गाठायचं नाही, आधी लंडनमध्ये थांबायचं, हे पक्कं होतं. ज्यांना बॅडमिंटनची खरी ओढ आहे त्यांनी हाच क्रम ठेवावा.

लंडनमध्ये सुरुवात बकिंगहॅम गेटपासून करा. ४ एप्रिल १८९९ रोजी ही स्पर्धा पहिल्यांदा भरली ती याच रस्त्यावर, लंडन स्कॉटिश रेजिमेंटच्या ड्रिल हॉलमध्ये. त्या वर्षी फक्त दुहेरी आणि मिश्र दुहेरीचे सामने झाले. एकेरी दुसऱ्या वर्षी, १९००मध्ये आली. तिथून चालतच व्हिन्सेंट स्क्वेअरकडे जाता येतं. या भागातल्या रॉयल हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये १९१० ते १९३९ या काळात स्पर्धा होत असे, मधली पहिल्या महायुद्धाची वर्षं सोडून. फुलझाडांच्या प्रदर्शनांसाठी बांधलेल्या या हॉलमध्ये सर जॉर्ज थॉमस खेळले. त्यांच्या नावावर ऑल इंग्लंडची २१ विजेतेपदं आहेत आणि पुरुष संघांच्या जागतिक स्पर्धेला, थॉमस चषकाला, नाव मिळालं तेही त्यांचंच.

उत्तर लंडनमधलं हॅरिंगे अरिना मात्र आता नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ साली स्पर्धा पुन्हा सुरू झाली ती तिथे, आणि त्याच वर्षी प्रकाश नाथ अंतिम फेरी गाठणारे पहिले भारतीय ठरले. स्वीडनच्या कॉनी येपसेनकडून ते हरले. आपल्या नंदू नाटेकरांनी १९५४मध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठली. तेव्हा स्पर्धा अर्ल्स कोर्टच्या एम्प्रेस हॉलमध्ये होती. तोही पाडला गेला. सांगलीत जन्मलेला हा खेळाडू तेव्हा विशीतला होता. आपल्याकडे त्यांचं नाव अजून खूप जास्त घेतलं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

वेम्ब्ली पार्क स्टेशनवर उतरलात की अरिना चालत काही मिनिटांवर आहे. १९३४मध्ये जलतरणासाठी एम्पायर पूल म्हणून ही इमारत बांधली गेली आणि १९५७ ते १९९३ ऑल इंग्लंड इथेच भरत होतं. कार्यक्रम नसेल तर आत जाता येत नाही, बाहेरूनच पाहावं लागतं, तरी जा. इथेच इंडोनेशियाच्या रूडी हार्तोनोने आठ वेळा एकेरी जिंकली, त्यातली सात सलग, १९६८ ते १९७४. इथेच प्रकाश पदुकोणनी आधीची सलग दोन वर्षं जिंकलेल्या इंडोनेशियाच्याच लिएम स्वी किंगला १५-३, १५-१० असं हरवलं. किंगच्या उड्या मारून केलेल्या स्मॅशना त्यांनी जाळ्याजवळच्या नाजूक फटक्यांनी आणि संथ केलेल्या लयीने उत्तर दिलं. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७७ साली सुरू झाली. त्याआधी ऑल इंग्लंडचा विजेता हाच जगातला सर्वोत्तम मानला जाई.

आता बर्मिंगहॅम. लंडन यूस्टनहून न्यू स्ट्रीट स्टेशन वेगवान गाडीने साधारण दीड तासावर आहे. तिकीट आधी काढलं तर खूप स्वस्त पडतं, ऐनवेळी काढलं तर खिसा रिकामा होतो. न्यू स्ट्रीटहून व्हिक्टोरिया स्क्वेअर, मोठी लायब्ररी आणि पुढे कालव्याकाठचा ब्रिंडलीप्लेस, असं वीसेक मिनिटं चाललं की अरिना येतं. ट्रामही ब्रिंडलीप्लेसपर्यंत जाते. १९९४पासून स्पर्धा याच इमारतीत आहे, पण नाव अनेकदा बदललंय. सध्या युटिलिटा अरिना बर्मिंगहॅम असं शोधा. विमानतळाजवळ एनईसी या प्रदर्शन केंद्राच्या परिसरात दुसरं मोठं अरिना आहे. हॉटेल घेताना ही दोन ठिकाणं एक समजू नका, राहायची जागा न्यू स्ट्रीटच्या आसपासच बघा.

कोणत्या दिवसाचं तिकीट घ्यावं? बहुतेक जण शनिवार-रविवारमागे धावतात. माझं मत वेगळं आहे. पाच प्रकार, प्रत्येकात ३२ खेळाडू किंवा जोड्या. म्हणजे मंगळवार-बुधवार मिळून पहिल्या फेरीचे ८० सामने, गुरुवारी ४०, शुक्रवारी २०, शनिवारी १० आणि रविवारी फक्त ५. पहिल्या दिवसांत एकाच वेळी अनेक कोर्टवर खेळ चालू असतो. एका बाजूला चिनी जोडीची मिश्र दुहेरी, शेजारी एखादा भारतीय तिसऱ्या गेममध्ये झुंजतोय. एकच दिवस परवडणार असेल तर गुरुवार घ्या. त्या दिवशी कोर्टवर दिसणारा प्रत्येक जण एक सामना जिंकून आलेला असतो आणि दमलेला नसतो. शिवाय भारतीय खेळाडू दिसण्याची शक्यता आठवड्याच्या सुरुवातीला जास्त. सायना नेहवाल २०१५मध्ये आणि लक्ष्य सेन २०२२मध्ये अंतिम फेरीत पोहोचले, पण अशी वर्षं रोज येत नाहीत.

दुसऱ्या दिवसाचा सामन्यांचा क्रम आदल्या संध्याकाळी जाहीर होतो. तो पाहून जेवणाची वेळ ठरवा. तिकीट पूर्ण दिवसाचं आहे की एका सत्राचं, हे घेतानाच वाचा. मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत, त्याचे नियमही आधी बघून ठेवा.

जागेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण खेळ किती कळतो हे त्यावर ठरतं. टीव्हीवर दिसतं तसं पाहायचं असेल तर बेसलाइनच्या मागची, जरा वरची जागा घ्या. फसवा फटका, फुलाची (शटलकॉकची) वळणारी वाट, दुहेरीतली जागांची अदलाबदल, सगळं तिथून उलगडतं. वेग अनुभवायचा असेल तर कोर्टच्या कडेची, खालची जागा. स्मॅशचा आवाज आणि पायांचा वेग टीव्हीवर कधीच कळत नाही, तो इथे कळतो. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये हवेचा प्रवाह असतोच. एका टोकाकडून उंच मारलेलं फूल बेसलाइनबाहेर जातं आणि दुसऱ्या टोकाकडून तेच अलीकडे पडतं. त्यामुळे तिसऱ्या गेममध्ये ११ गुणांवर बाजू बदलली की सामना कसा फिरतो, ते नीट बघा. बेसलाइनमागे बसलेल्याला हे सर्वात छान दिसतं.

व्हिसाचं काम लवकर उरका. स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसासाठी प्रवासाच्या ३ महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारण ३ आठवडे लागतात. मार्चमध्ये तिथे चांगलीच थंडी आणि पाऊस असतो, जाड जाकीट हवंच. जेवणासाठी स्पार्कब्रूक, स्पार्कहिल भागातल्या बाल्टीच्या हॉटेलांकडे एक संध्याकाळ राखून ठेवा. बाल्टी हा छोट्या कढईत शिजवून त्यातच वाढायच्या रश्शाचा प्रकार याच शहरात रुजला. रविवारी इंग्लंडमध्ये रुळांची कामं काढतात आणि गाड्या उशिराने किंवा वळसा घालून धावतात. तेव्हा अंतिम सामने पाहून त्याच रात्री लंडनहून विमान पकडायचं ठरवू नका, सोमवारचं तिकीट काढा.