पिझ्झा जाऊन खावा

पिझ्झा घरी मागवून खायची गोष्ट नाही, असं माझं अलीकडे पक्कं मत झालंय, आणि त्याला कारण आमच्या कॉलनीच्या टोकाला असलेलं एक छोटंसं इटालियन दुकान. इंदूरच्या माणसाला हे पटवायला खरं तर फार बोलावं लागू नये. सराफ्यात सोन्याचांदीच्या पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच समोर उभं राहून आपण भुट्ट्याचा कीस खातो. तो पार्सल करून घरी आणायचं कुणाच्या मनात तरी येतं का? सकाळचे पोहेसुद्धा आम्ही घरी उत्तम होत असताना ठेल्यावर जाऊन खातो. पिझ्झा मात्र खोक्यातून, स्कूटरवरून, अर्धं शहर फिरून आला तरी चालतो. का, ते मला कळत नाही.

दुकानाचं नाव लिहीत नाही. सहा टेबलं आहेत, त्यातलं एक कायम डुगडुगतं, आणि शनिवारी आत्ताही बाहेर वाट बघत उभं राहावं लागतं. मालक लोकमान्य नगरातलाच मुलगा. हॉटेल मॅनेजमेंट करून काही वर्षं क्रूझवर होता. तिथे किचनमध्ये नेपल्सच्या, म्हणजे पिझ्झ्याच्या माहेरच्या, एका माणसाच्या हाताखाली पीठ मळायला शिकला. परत आल्यावर वडिलांचा स्टेशनरीचा गाळा रिकामा करून त्यात त्याने गॅसची दगडी तळाची भट्टी बसवली. गल्ल्यावर त्याची आई बसते. हळदीकुंकवाला आमच्याकडे येणाऱ्या काकू आता बिल फाडून देतात, त्यामुळे घासाघीस करायची सोय नाही.

भट्टी बसायच्या जागेपासून हाताच्या अंतरावर आहे, आणि तिथलं खाणं वेगळं लागतं ते तिच्यामुळेच. तिचा पारा ४५० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. आपल्या घरातला ओव्हन २५०ला हात टेकतो. नेपल्सची पद्धत अशी की पिझ्झा आत गेला की ६० ते ९० सेकंदांत बाहेर. एवढ्या आचेत कडेच्या पिठातलं पाणी एकदम वाफ होऊन फुगतं, वर काळे ठिपके पडतात आणि मध्यभाग ओलसर, मऊच राहतो. खोक्यात घातला की हीच वाफ झाकणाला लागून परत खाली टपकते. कड चामट होते, चीज गार होऊन घट्ट बसतं. वीस मिनिटांनी घरी पोचतो तो पिझ्झा रबरासारखा ओढावा लागतो, आणि लोक म्हणतात, दुकान बिघडलं.

ते काळे ठिपके हा आमच्या कॉलनीत बरेच दिवस वादाचा विषय होता. "जळलाय हा," म्हणून पिझ्झा परत पाठवणारे लोक मी पाहिलेत. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई, परत पाठवत नाहीत. त्या सुरीच्या टोकाने एकेक ठिपका खरवडून ताटाच्या कडेला ठेवतात आणि मग खातात. मुलगा बिचारा भट्टीपाशी उभा राहून बघत असतो, पण आजींना काही बोलत नाही. सॉसबद्दलही त्यांची तक्रार आहे. तिथे टोमॅटो शिजवत नाहीत, डब्यातले सोललेले टोमॅटो हाताने कुस्करून मीठ घालतात, बस. शिजायचं ते भट्टीतच. आई म्हणाल्या, "फोडणी नाही, लसूण नाही, हे तर नुसतं कालवलंय." आणि दोन तुकडे संपवून तिसऱ्याला हात घातला.

नाना, म्हणजे माझे सासरे, कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेत. त्यांच्या शर्टाच्या खिशात जिरावनाची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याची, पुडी असते. ओरेगॅनो आणि चिली फ्लेक्स बाजूला सारून ते मार्गेरीटावर, म्हणजे साध्या टोमॅटो-चीजच्या पिझ्झ्यावर, जिरावन भुरभुरतात, आणि खरं सांगू का, वाईट लागत नाही. पण मुख्य म्हणजे त्यांना गव्हावर बोलायला एक श्रोता मिळाला. इंदूरला भारतीय कृषी संशोधन संस्थेचं गव्हाचं केंद्र आहे. तिथे निघालेल्या वाणांच्या नावामागे 'एचआय' लागतं. पूसा तेजस, म्हणजे एचआय ८७५९, हा त्यातलाच एक, ड्युरम जातीचा, म्हणजे आपला कठिया. नाना एका संध्याकाळी त्या मुलाला समजावत होते की माळव्याचा कठिया गहू पिझ्झ्याला का चालत नाही. त्यातलं ग्लूटेन, म्हणजे कणकेला चिकटपणा देणारं प्रथिन, चिवट असतं पण ताणलं जात नाही, आणि पिझ्झ्याच्या पिठाला तर ताणून पातळ व्हायचं असतं, शिवाय आतली हवा धरून ठेवायची असते. तोच गहू पास्त्याला मात्र एक नंबर, कारण उकळत्या पाण्यात तो विरघळत नाही. मग नाना थांबले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "म्हणून तर बाफला होतो रे बाबा. तोही आधी उकळतो, मग भाजतो." दाल-बाफले, म्हणजे वरणाबरोबर खायचे कणकेचे गोळे, आणि पास्ता यांचा गहू एकच, हे इतकी वर्षं बाफले करूनही माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मुलगाही गप्प झाला. मागे आमची ऑर्डर गार होत होती, पण ते आता त्या दोघांचं नेहमीचंच आहे.

पीठ हे त्या मुलाचं खरं दुखणं. नियम साधे आहेत: पीठ, पाणी, मीठ, यीस्ट. तेलसुद्धा नाही. नेपल्समध्ये १९८४ साली स्थापन झालेली एक संघटना आहे, तिने हे सगळं लिहूनच ठेवलंय. पिझ्झा जास्तीत जास्त ३५ सेंटिमीटरचा, कड एक ते दोन सेंटिमीटर उंच, वगैरे. पण ते नियम लिहिणारे इंदूरच्या मे महिन्यात राहिलेले नाहीत. बाहेर ४२ अंश असले की पीठ दुपारीच फुगून आंबून जातं. मग तो बर्फाच्या पाण्यात मळतो, यीस्ट निम्म्यावर आणतो आणि गोळे फ्रिजमध्ये ठेवतो. डिसेंबरात उलट, गोळे भट्टीच्या बाजूला उबेला. म्हणून माझं म्हणणं असं की त्याचा पिझ्झा खायचा तर थंडीत. तेव्हा पीठ निवांत आंबतं आणि कडेला जी हलकी आंबूस चव येते ती उन्हाळ्यात येत नाही.

चीजचीही एक गंमत आहे. नेपल्सच्या आसपासचा नामांकित मोझरेला म्हशीच्या दुधाचा असतो. म्हैस काही माळव्याला नवी नाही. आमच्याकडे दूधवाला गाईचं दूध आणतो तेव्हाच आम्ही संशयाने बघतो. पण ताज्या मोझरेलात पाणी फार, ते निथळून घेतलं नाही तर पिझ्झ्याच्या मधोमध तळं होतं. हा मुलगा रात्रभर चाळणीत ठेवतो. पार्मेजान मात्र तो वापरत नाही. इटलीतलं हे अस्सल कडक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या पदार्थाने, जमवतात, आणि आमच्या कॉलनीत ते कळलं तर दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लागेल. निम्मी गिऱ्हाइकं जैन आहेत. त्यातले काही सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून चातुर्मासात दुकान साडेचारलाच उघडतं. ती वेळ मला फार आवडते. गर्दी नाही, म्हातारी माणसं, शाळेच्या कपड्यातली मुलं, आणि कुणालाच घाई नसते.

जैन पिझ्झा तो करतो, कांदा-लसूण न घालता, कुरकुर न करता. फक्त मारिनारा जैन करून मिळेल का, असं कुणी विचारलं की चेहरा उतरतो. मारिनारा म्हणजे टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि तेल, चीज नाहीच. त्यातला लसूण काढला तर उरतं काय? चीज नसलेला पिझ्झा बघून "मग पैसे कसले घेतो?" असं विचारणारेही आहेत. माझ्या मते मेन्यूवरची सगळ्यात चांगली वस्तू तीच. लसूण अगदी पातळ चिरलेला असतो, भट्टीत अर्धवट भाजून गोडसर होतो.

सगळंच छान आहे असं नाही. पास्ता मला पटत नाही. गिऱ्हाईक मागतं म्हणून गुलाबी सॉसमध्ये बुडवून, अगदी मऊ करून देतात, आणि त्यात मक्याचे दाणे. नानांच्या चिवट गव्हाचा सगळा अपमान. बिनअंड्याचं तिरामिसू म्हणजे कॉफीत भिजवलेली साय. मागे मुलाने मेन्यूच्या शेवटी राणी मार्गेरीटाची गोष्ट छापली होती, १८८९ची, एस्पोसितो नावाच्या माणसाने तिच्यासाठी पिझ्झा केला ती. त्या गोष्टीचा पुरावा म्हणून जे पत्र दाखवतात त्याबद्दल अभ्यासकांना शंका आहे, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "काकू, राहू द्या ना, लोक फोटो काढतात त्याचा."

त्यानेच नानांना नेपल्सच्या रस्त्यावरची पद्धत दाखवली. लहान पिझ्झा चार घड्या घालून कागदात धरायचा आणि उभ्यानेच खायचा. नानांना ते इतकं आवडलं की आता ते टेबलावर बसतच नाहीत. दुकानाच्या पायरीवर उभे राहतात, एका हातात पिझ्झा, दुसऱ्या हातात जिरावन, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ओळखीच्या माणसांशी गप्पा. शर्टावर टोमॅटो पडतो, मग घरी आई बघून घेतात.

तरी कुणाला पार्सल न्यायचंच असेल तर पिझ्झा नेऊ नका, फोकाच्चा, म्हणजे इटालियन पाव, न्या. जाड असतो, तेल भरपूर असतं, दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. लोखंडी तव्यावर, मंद आचेवर, पालथा घालून गरम करा. आमच्याकडे आई तो सकाळी लसणाच्या चटणीबरोबर खातात आणि वर सांगतात, फोडणीचं काहीतरी हवंच होतं.