घोड्याचे कप आणि माझे छत्तीस दिवस

घरच्या घोड्यासाठी परदेशातून उड्यांचं सामान मागवणार असाल, तर पैसे भरायच्या आधी विक्रेत्याला एक गोष्ट बजावून सांगा: बिलावर नुसतं 'कप' लिहायचं नाही. (कप म्हणजे उडीचा आडवा दांडा ज्यावर टेकतो तो आधार.) बाकी सगळं पुढे सांगते, पण हे आधी. या एका शब्दापायी माझे छत्तीस दिवस गेले आणि डोकं फिरलं ते वेगळंच.

मावळात आमची थोडी जमीन आहे आणि तिथे सोन्या आहे. सोन्या म्हणजे रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड, शर्यतीच्या जातीचा घोडा. कागदावर त्याचं लांबलचक इंग्रजी नाव आहे, त्याला त्या नावाने हाक मारली तर तो ढुंकूनही बघत नाही. मुलगी त्याच्यावर जंपिंग शिकते. घोडदळातून निवृत्त झालेले एक दफेदारकाका आठवड्यातून दोनदा शिकवायला येतात. दर वेळी घोडा गाडीत घालून क्लबला न्यायचा म्हणजे खर्चही आणि घोड्याचे हालही. म्हणून घरच्याच पट्ट्यात चार जंप उभ्या करायच्या ठरल्या. चार जोड स्टँड, म्हणजे दोन बाजूंचे खांब, आणि त्यांवर आडवे टाकायचे बारा पोल, एवढंच काकांनी लिहून दिलं.

पहिले पैसे वाया घालवले पीव्हीसीवर. ड्रेनेजचा ११० मिलिमीटरचा पाइप हार्डवेअरच्या दुकानात तीन मीटरचा मिळतो. हलका, स्वस्त, वाळवी लागत नाही. उन्हाळाभर तो बाहेर पडून राहिला आणि जूनमध्ये सोन्याचा पाय पडला तसा फुटला. चिरफळ्या अशा की भाजी चिरावी. नशीब, खुराखालीच फुटला, वर पायाच्या नळीला लागलं नाही. काकांना पाइप पहिल्यापासूनच पसंत नव्हता. इतका हलका पोल लागला तर घोड्याला काहीच वाटत नाही, मग तो पाय उचलायचा आळस करतो, असं त्यांचं म्हणणं.

मग लाकूड. निलगिरी जवळच मिळत होती, पण दहा सेंटिमीटर जाडीचा तीन मीटरचा पोल सतरा-अठरा किलो भरतो. तो दिवसातून वीस वेळा उचलणार कोण? मीच. पाइनचा तेवढाच पोल तेरा किलोच्या आसपास येतो, म्हणून पाइन घेतलं. सुताराकडून कोपरे रंधून अष्टकोनी करून घेतले, कारण गोल पोल जमिनीवर ठेवला की घोड्याच्या पायाखाली घरंगळतो. वाळलेलंच लाकूड घ्या. ओलं घेतलं तर रंगाखाली चिरतं आणि केळ्यासारखं वाकतं. पावसाळ्यात पोल जमिनीवर टाकू नका, विटांवर आडवे रचून ठेवा. स्टँडचे पायही आधी खालून कुजतात, तिथे रबराचे तुकडे ठोकून घ्या.

रंगाचं सांगायचं राहिलं. आमच्या ह्यांनी घरात उरलेला भगवा ऑइल पेंट हौसेनं फासला. हिरव्यागार गवतावर आम्हाला तो लांबून झळकायचा, सोन्या मात्र ऐनवेळी बिचकायचा. घोड्याला लाल-केशरी आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही; निळा, पिवळा कळतो, पांढराही उठून दिसतो. ब्रिटनमध्ये हर्डल रेसच्या अडथळ्यांवरचा केशरी रंग काढून पांढरा दिला, तो याच कारणासाठी. आम्ही निळे-पांढरे पट्टे मारले. हे काही दिवस रुसले होते.

स्टँडसाठी गावातल्या फॅब्रिकेटरकडे गेले. स्टँड त्याने झकास केले, दर पाच सेंटिमीटरवर भोक, कडा घासलेल्या, वर रेड ऑक्साईड. पण पोल ज्याच्यावर टेकतो तो कप त्याने केला हाताच्या ओंजळीएवढा खोल आणि मला अभिमानानं म्हणाला, "मॅडम, हत्ती आला तरी पोल पडणार नाही!"

"अहो, पडलाच पाहिजे!"

त्याला वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलंय. मजबूत माल मागितला आणि आता म्हणतात पडलाच पाहिजे. पण खरी गोम तीच आहे. लाकूड, लोखंड, रंग वर्षानुवर्षं टिकला पाहिजे, आणि तरीही घोड्याचा पाय लागताच पोल सुटला पाहिजे. नाहीतर पोलऐवजी घोडा पडतो. आंतरराष्ट्रीय नियमांत पोलच्या कपाची खोली १८ ते २० मिलिमीटर एवढीच आहे. मी पट्टी घेऊन त्याच्या शेडमध्ये दोन तास बसले आणि साधे कप त्या मापात करून घेतले. आधीचे खोल हुक तो परत घेईना, ते घरी आले.

राहिले सेफ्टी कप. ऑक्सर म्हणजे एकामागे एक दोन पोल लावलेली रुंद उडी. तिच्या मागच्या पोलला असा कप लागतो, की वरून दाब आला तर कपच खाली निसटतो. घोडा उतरताना त्या पोलवर आला तर तेवढ्यानं निभावतं. हे गावात होण्यासारखं काम नव्हतं. जर्मनीहून चार जोड्या मागवल्या. तीन किलोचं पार्सल.

चौथ्या दिवशी मेसेज आला, पार्सल होल्डवर. कुरिअर कंपनीला फोन लावला.

"मॅडम, कप प्लॅस्टिकचे आहेत. बशा सोबत आहेत का?"

बिलावर लिहिलेलं होतं 'कप, प्लॅस्टिक, आठ नग'. त्यांनी ते सरळ कस्टमच्या ३९२४ या कोडमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या खात्यात टाकलं होतं. आता त्यात खाद्यपदार्थ ठेवणार का, याचं पत्र हवं. मी पत्र लिहिलं, की हे कप घोड्याच्या उडीसाठी आहेत. ही माझी दुसरी चूक. 'घोडा' शब्द वाचून पुढच्या माणसाने प्राण्यांच्या क्वारंटाइनचा दाखला मागितला.

"अहो, पार्सलमध्ये घोडा नाहीये."

"हो मॅडम, पण सिस्टीममध्ये लाइव्ह अॅनिमल रिलेटेड दाखवतंय."

तिसऱ्याला वाटलं खोगिराचं सामान असावं, म्हणजे ४२०१. "घोड्याच्या अंगावर घालतात का?" नाही. "मग घोडा पितो का त्यात?" हे त्याने खरंच विचारलं. प्रत्येक फोनला नवा माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून कहाणी, आणि शेवटी प्रत्येकाचं एकच, "चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत अपडेट येईल." अपडेट म्हणून जो मेसेज यायचा तो गोदामाच्या भाड्याचा. ते मात्र रोज न चुकता वाढत होतं.

मध्येच केवायसी अडली. आधारवर पत्ता पुण्याच्या फ्लॅटचा, पार्सलवर शेताचा. शेताचं वीजबिल अजून सासऱ्यांच्या नावावर, आणि ते जाऊन सहा वर्षं झाली. मी सातबारा पाठवला. उत्तर आलं, कागद इंग्रजीत हवा. त्या दिवशी मी फोन आपटला, काच गेली, तो खर्च वेगळा. शेवटी मुलीनं सुचवलं, आई, पत्ता फ्लॅटचाच कर ना. दहा मिनिटांत केवायसी पास. तेव्हा पहिल्या दिवसापासून आधारवरचाच पत्ता द्या, माझ्यासारखा बाणा दाखवू नका.

एकतिसाव्या दिवशी एक शहाणा माणूस भेटला. बोलण्यावरून कोल्हापूरकडचा वाटला. म्हणाला, "ताई, ते रेसकोर्सवरचं असतंय तसलंच काय?" रेसकोर्सवरचं नाही, पण मी हो म्हटलं. तो म्हणाला, "पत्रं पाठवत बसू नका. विक्रेत्याकडून नवीन बिल आणा. त्यावर क्रीडा साहित्य लिहा, अडथळ्याचा पोल धरायचा आधार असं लिहा, कोड ९५०६ घाला आणि सोबत एक फोटो लावा." जर्मनीहून नवं बिल दुसऱ्या दिवशी आलं. मुलीचा उडी मारतानाचा फोटो लावला, त्यात कपाभोवती लाल गोल काढला. चार दिवसांत पार्सल सुटलं. ड्युटीपेक्षा गोदामाचं भाडं जास्त झालं होतं. भाड्याबद्दल तक्रार केली आहे, अजून चोवीस ते अठ्ठेचाळीस तास चालू आहेत.

छत्तिसाव्या दिवशी खोकं दारात आलं. त्यावर फुटक्या पेल्याचं चित्र चिकटवलेलं, 'काच, जपून'.

त्याच रविवारी काकांनी ऑक्सर लावला, पंचाहत्तर सेंटिमीटर. मागचा पोल पुढच्यापेक्षा कधीही खाली नको आणि मागे एकच पोल, असं त्यांनी मुलीकडून दोनदा वदवून घेतलं. तिसऱ्या फेरीत सोन्या जरा लवकर उठला आणि मागच्या पायांनी पोलवर आला. खट्ट आवाज झाला, कप निसटला, पोल गवतात. सोन्या चार पावलं पुढे जाऊन उभा राहिला, कान हलवत. मी पायांवरून हात फिरवून पाहिला, खरचटलंसुद्धा नव्हतं. कप परत चढवायला अर्धा मिनिट लागला.

एक विसरलेच. ज्या कपात पोल नाही तो स्टँडवर ठेवू नका, काढून बादलीत टाका. रिकाम्या कपाची कड घोड्याला आणि खाली पडलेल्या माणसाला, दोघांनाही फाडते.

आणि ते हत्तीचे हुक सध्या मागच्या ओटीवर लावले आहेत. सासूबाई त्यांत बांबू अडकवून गोधड्या वाळत घालतात. यंदाच्या वळवात पत्रा उडाला, बांबू जागचा हलला नाही.